मधल्या चौकोनाचा मान

चारुलता लोणखेड्यात पहिल्यांदा लक्षात आली ती तिच्या नवऱ्याच्या शर्टामुळे. अमृत पाटील तेव्हा नुकताच कॉलेजच्या ऑफिसात कारकून म्हणून लागला होता. लग्नाला महिना झाला असेल नसेल. सकाळी चहाच्या टपरीवर तो पाठमोरा उभा होता, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर एक तपकिरी बगळा उभा होता. एक पाय वर घेतलेला, मान खांद्यात ओढलेली, पाण्यात मासा दिसायची वाट बघत असलेला.

केळीच्या चिकाचा डाग कोणत्याही साबणाने जात नाही, हे या भागात शेंबडं पोरही जाणतं. डाग पडला की शर्ट शेतात घालायचा होतो, आणि शेतात फाटला की फडकं होतो. पण या डागाला कुणीतरी चोच काढली होती, पाय काढले होते, आणि तेही चिकानेच.

"अमृत, हाई कोनं काम शे?" टपरीवरच्या कुणीतरी विचारलं.

अमृत कानापर्यंत लाल झाला. "घरमा नवीन मानूस उनं ना," तो म्हणाला. "ती म्हने, डाग जास नही ते ऱ्हाऊ द्या, पन तो रिकामा कसाले ऱ्हावा?"

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत चारुलताने शर्ट सोडून मांजरपाट धरला, आणि बगळ्यावरून ती घडांची ओझी वाहणाऱ्या बायका, गाडीवर झोपलेले मजूर, तापीच्या काठावरची कुत्री, असं सगळं काढू लागली. रंग एकच, चिकाचा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो. काय काढलं ते काढताना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी डाग काळपट तपकिरी होतो तेव्हा कळतं की नाक कुठे गेलं आणि डोळा कुठे. चुकलं तर पुसता येत नाही. त्यामुळे चारुलता काढण्याआधी फार वेळ नुसती बघत बसायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "सून कापडकडे अशी दखस, जशी ते कापड उत्तर देवाव शे."

पण गावात तिचं नाव चित्रांमुळे नव्हतं. ते होतं लग्नपत्रिकांमुळे. पाटील भाऊबंदकीत कोणतीही पत्रिका छापखान्यात जाण्याआधी चारुलताच्या हातून जायची. कोणाचं नाव मधे, कोणाचं त्याच्या उजवीकडे, मामांचं कुठे, दोन चुलत भाऊ बोलत नसतील तर त्यांच्या नावांमध्ये तिसरं कोणतं नाव घालायचं, हे तिला पाठ होतं. ती नावं वाचायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "यांना खालच्या ओळीत टाकलं तर ते जेवायला येणार नाहीत." आणि तसंच असायचं. तिने वाचलेल्या पत्रिकेवरून वीस वर्षांत कोणी रुसलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

घरात मोठे जेठ, म्हणजे अमृतचे थोरले भाऊ, धर्मेंद्र. केळीची बाग त्यांची आणि अमृतची एकत्र. त्यांनी रस्त्याला लागून पॅकहाउस उभं केलं, तिथे घडाच्या फण्या कापून, धुऊन, खोक्यात भरून बाहेर पाठवतात. पॅकहाउसला आईचं नाव दिलं: सुगंधा. चारुलताचा सगळा चीक तिथूनच यायचा. कापलेल्या दांड्यांखाली धर्मेंद्र स्वतः स्टीलचा डबा ठेवायचे, आणि दुपारी तो डबा ओट्यावर आणून ठेवायचे. देताना तिच्याकडे बघायचे नाहीत. जेठाशी सुनेने सरळ बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. चारुलता डोक्यावर पदर घेऊन सासूबाईंना सांगायची, सासूबाई धर्मेंद्रना सांगायच्या, आणि धर्मेंद्र उत्तर आईलाच द्यायचे, जरी तिघं एकाच खोलीत असले तरी. सासूबाई घरी नसल्या तर चारुलता दाराला सांगायची: "जेवण झाकून ठेवलंय म्हणावं." आणि दार सांगितल्याबरहुकूम जेवण वाढून घ्यायचं.

दर वर्षी पॅकहाउसचं कॅलेंडर निघायचं आणि त्यावर चारुलताचं एक चित्र असायचं. चित्राखाली घडाच्या आकाराचा लोगो, त्यात 'सुगंधा'. चारुलताचं नाव कुठेच नाही. एकदा, चौथ्या की पाचव्या वर्षी, तिने सासूबाईंकरवी विचारलं होतं. धर्मेंद्र आईला म्हणाले होते, "घरना मानूसनं नाव कोन टाकस, माय?" त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. विषय तिथे संपला.

म्हणून गेल्या डिसेंबरात पुण्याच्या एका कलासंस्थेचं पत्र आलं तेव्हा चारुलताने ते तीनदा वाचलं आणि घडी घालून पोलक्यात ठेवलं. कापडावर काम करणाऱ्या कलावंतांचं महिनाभराचं प्रदर्शन होतं. तिची सहा चित्रं निवडली होती. प्रत्येक चित्राशेजारी पाटी, पाटीवर नाव: चारुलता अमृत पाटील. अट एकच. कलावंताची स्वतःची वेबसाइट हवी, तिच्या पहिल्या पानावर संस्थेचा लोगो हवा, आणि तो दाबला की प्रदर्शनाचं पान उघडलं पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही झालं तर ती भिंत प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला.

वेबसाइट होती. दिवाळीच्या सुटीत अमृतच्या जुन्या लॅपटॉपवर तिने ती स्वतः उभी केली होती, यूट्यूब बघून बघून. चित्रं चढवली होती, माहिती लिहिली होती. उरला होता एक लोगो. एका चौकोनाचं काम.

आणि इथेच चारुलता चुकली. लोगो टाकायला वेबसाइटने तिला आयता साचा दिला: तीन चौकोन वर, तीन खाली. तिने संस्थेचा लोगो पहिल्यात टाकला आणि पाहिलं. बाकीचे पाच रिकामे. एकच नाव असलेली पत्रिका असते का कधी? ज्याच्या चिकावर चित्रं झाली ते पॅकहाउस कुठे? मामा-सासरे पितांबर, सासूबाईंचे धाकटे भाऊ, शहाद्यातल्या एका पतपेढीचे अध्यक्ष; तिचं पहिलं प्रदर्शन त्यांनी पतपेढीच्या हॉलमध्ये भरवलं होतं, ते कुठे? मांजरपाटाचं दुकान, ती जिथे चित्रकलेचा वर्ग घेते ती मुलींची शाळा, प्रदर्शनाला सगळ्यात आधी आलेलं भजनी मंडळ? सहा चौकोन, सहा नावं. जसं काही मोजूनच ठेवलं होतं. बुधवारी सकाळी ती कामाला लागली, आणि संध्याकाळपर्यंत होईल असं तिने अमृतला सांगितलं.

पॅकहाउसचा लोगो मिळाला, त्यांची वेबसाइट होती, तिच्यावर रोजचे केळीचे भाव असत. पतपेढीचा लोगो मामांनी पाठवला तो लेटरहेडचा फोटो काढून, त्यात मामांचा अंगठाही आला होता. भजनी मंडळाला लोगोच नव्हता. त्यांनी टाळ-चिपळ्यांचं चित्र पाठवलं आणि लिंक म्हणून अध्यक्षबाईंचा मोबाइल नंबर. वेबसाइटचं पान तिने मांजरपाटाच्या रंगाचं ठेवलं होतं; त्यावर प्रत्येक लोगो आपापला पांढरा चौकोन घेऊन आला, धुतल्या धोतराला नव्या कापडाची ठिगळं लावावीत तसा. मामांचा लोगो एवढा मोठा चढला की त्याच्या शेजारी शाळा लिंबाएवढी दिसू लागली. लहान केला तर अक्षरं वाचता येईनात. दुकानाचा लोगो तीनदा चढवला आणि तिन्ही वेळा आडवा झाला.

"आते काय व्हयनं?" सासूबाई सुगंधाबाई शेंगा निवडत विचारायच्या.

"काही नही, आत्याबाई. दुकान झोपी गयं."

रात्री आठला सगळं बसलं. वरच्या रांगेत मधे पॅकहाउस, कारण पत्रिकेत मान मधल्याला. त्याच्या डावीकडे मामांची पतपेढी, उजवीकडे संस्था. खाली बाकीचे. प्रत्येकाला ज्याची त्याची लिंक. चारुलताने डोळे मिटले, मनात नावं वाचली, आणि कोणी रुसेल असं तिला वाटलं नाही. तिने पान घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि झोपली.

गुरुवारी सकाळी पहिला फोन मामांचा. ते पतपेढीत पोचून कॉम्प्युटरवर बघत होते.

"चारू, लगीनमा मामाले कोठे बसाडतस? खांबाआड?"

"काय व्हयनं, मामा?"

"मधमा भाचा, आन मामा कोपरामा! मामाना मान आधी ऱ्हास का भाचाना? तूच सांग, तू बठ्ठा गावन्या पत्रिका वाचस."

ती काही बोलायच्या आत धर्मेंद्र ओट्यावर आले. हातात मोबाइल. आईसमोर बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "माय, तुन्हं नाव दुसरा नंबरले लागनं. पहिला मामा."

चारुलता दाराआडून ऐकत होती. तिला काही उमगेना. मामा म्हणतात भाच्याला मान, भाचा म्हणतो मामाला मान. दोघंही दुसरे कसे असतील? तिने पदर सावरला. "आत्याबाई, सांगा ना त्यासले, मी तं त्यासले मधमा ठेयेल शे."

"ती म्हनस, तुले मधमा ठेयेल शे."

"मधमा? आठे तं मध नहीच. एकना खाले एक शेतस." धर्मेंद्रनी मोबाइल आईपुढे धरला. सुगंधाबाईंना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, त्यांनी तो दाराआड दिला.

आणि चारुलताला दिसलं. लॅपटॉपवर तीन-तीनच्या दोन रांगा होत्या. मोबाइलवर जागा कमी, म्हणून तेच सहा चौकोन एकाखाली एक घसरले होते. डावीकडचा सगळ्यात वर. मधला दुसरा. छापलेली पत्रिका कोणाच्याही हातात गेली तरी तीच पत्रिका असते. हे पान मात्र बघणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघून रांग बदलत होतं. वीस वर्षांची तिची विद्या अशा कागदासाठी होती जो हलत नाही.

"मन्हं नाव तुम्ही पॅकहाउसले दिनं," सुगंधाबाई शेंगा सोडून म्हणाल्या, "तवय मले ईचारं का कोन्ही? आते त्या नावना मान मले सांगी ऱ्हायनात. मले लोगो बिगो काही नको. मन्हा अंगठा टाकी द्या, पितांबरना अंगठानाजोडे."

धर्मेंद्र हसले नाहीत. "माय, हाई गंमत नही शे," म्हणाले, आणि उठून गेले. त्या दिवशी दुपारी डबा आला, पण अर्धा.

गुरुवारचा उरलेला दिवस चारुलताने चौकोन हलवण्यात घालवला. पॅकहाउस डावीकडे घेतलं तर मोबाइलवर धर्मेंद्र पहिले, पण लॅपटॉपवर मधे संस्था आणि मामा पुन्हा कोपऱ्यात. मामा मधे घेतले तर मोबाइलवर दुसरे. दोघांना वेगळ्या रांगा दिल्या तर वरची रांग कोणाची? दोन-दोनचे चौकोन केले तर मधला हा प्रकारच उरेना. एक बदललं की दुसरं मोडायचं. मधेच नेट जायचं आणि केलेलं सगळं परत बुधवारवर यायचं. तिला आजवर इतका वेळ कोणत्याच चित्राला लागला नव्हता, आणि यात तर एक रेघही काढायची नव्हती. अमृत कॉलेजातून आला, शेजारी बसला, म्हणाला, "मी काही करू का?" तिने त्याला चहा करायला सांगितलं. त्याने केला. तो निवून गेला.

सहाला पुण्याहून फोन आला. संस्थेतल्या बाईंचा आवाज गोड होता, आणि म्हणूनच जास्त लागला.

"चारुलताताई, तुमची साइट पाहिली. चित्रं फार सुंदर दिसतायत. फक्त एक झालंय, आमच्या लोगोवर क्लिक केलं की केळीचे भाव उघडतात."

"केळीचे?"

"हो. आज जरा उतरलेत."

चारुलताने लोगो दाबला. केळीचे भाव. पॅकहाउसचा दाबला. पतपेढीचं पान. पतपेढीचा दाबला; पुण्याचं प्रदर्शन. दिवसभर तिने चित्रं या चौकोनातून त्या चौकोनात नेली होती, पण लिंक चित्राबरोबर गेलीच नव्हती; ती आपली ज्या त्या चौकोनात बसून राहिली होती, भाडेकरू बदलले तरी दारावरची पाटी तीच राहावी तशी.

"आणि अजून एक," बाई म्हणाल्या. "आमचा लोगो इतर जाहिरातींच्या रांगेत चालत नाही. अटींमध्ये आहे, चौथं कलम. तो एकटाच हवा. उद्या पाचपर्यंत वेळ आहे. नाहीतर मला पुढच्या कलावंतांना कळवावं लागेल, माझाही नाइलाज आहे."

चारुलताने पत्र काढून पाहिलं. चौथं कलम होतं. तीनदा वाचलेल्या पत्रात तिने तीनही वेळा फक्त पाटीवरचं नाव वाचलं होतं.

शुक्रवारी दुपारी तीनला मामा आले, पाठोपाठ धर्मेंद्र. दोघं पुढच्या खोलीत समोरासमोर बसले. मामांनी पतपेढीच्या कालच्या बैठकीबद्दल बोलून सुरुवात केली, धर्मेंद्रनी पाटचारीच्या पाण्याबद्दल, आणि दोघंही लोगोवर आले तेव्हा चहा संपला होता.

"मी काय म्हनस," मामा म्हणाले, "वरती मी नको, तू नको. वरती ताईना फोटो. बस."

"फोटो पॅकहाउसनाच लोगोमा टाकू, मामा. मंग एकच व्हई."

"मंग तो तुन्हाच व्हयना ना रे!"

"मी मरी गयी का फोटो टाकाले?" सुगंधाबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत चारुलता लॅपटॉपसमोर बसली होती. सव्वाचार वाजले होते. तिने सासूबाईंना हाक मारली आणि सांगायला सांगितलं, की संस्थेचा लोगो एकटाच ठेवायचा आहे. सुगंधाबाईंनी बाहेर सांगितलं. धर्मेंद्र भिंतीला म्हणाले, "मंग बाकीनासना खाले टाक म्हना. पन पॅकहाउस काढू नको म्हना. गावमा बठ्ठासनी देखं शे." सुगंधाबाई आत आल्या. चारुलताने परत सांगितलं. सुगंधाबाई बाहेर गेल्या. मामा म्हणाले, पतपेढी काढली तर सभासद काय म्हणतील. सुगंधाबाई आत आल्या. त्यांचे गुडघे दुखत होते. चार पंचवीस.

चारुलता उठली. पदर डोक्यावर होता, तो तसाच होता. लॅपटॉप उघडा दोन्ही हातांत धरून ती पुढच्या खोलीत आली आणि उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली.

तेवीस वर्षांत ती हा शब्द त्यांना उद्देशून पहिल्यांदा म्हणाली होती. धर्मेंद्रनी सवयीने आईकडे पाहिलं. आई दाराला टेकून गुडघे चोळत होती.

"भाऊ, मी बठ्ठासना लोगो काढी ऱ्हायनू. तुमना बी, मामासना बी. हाई लगीननी पत्रिका नही शे. मीच ती पत्रिका समजनू, ती मन्ही चूक."

"बठ्ठा काढशी?" धर्मेंद्र म्हणाले. भिंतीला नव्हे. "चीक गावना, कापड गावनं, आन नाव पुनावालासनं?"

"नाव मन्हं शे, भाऊ. तठे भितडावर मन्हं नाव लागाव शे."

"आन आमनं?"

चारुलताने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "घरना मानूसनं नाव कोन टाकस, भाऊ?"

मामांनी रिकामी बशी उचलली आणि परत ठेवली. आपलंच वाक्य आहे हे धर्मेंद्रना कळायला क्षणभर लागला, आणि कळलं तेव्हा ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, बहुतेक पहिल्यांदाच. मग ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेले. मामा थोडा वेळ बसले. जाताना म्हणाले, "पत्रिका वाचनारीनीच पत्रिका फाडी," पण ते रागाने म्हणाले की कसं, हे चारुलताला कळलं नाही.

तिथेच जमिनीवर बसून तिने एकेक चौकोन काढायला घेतला. वेबसाइट प्रत्येक वेळी विचारायची: नक्की काढायचं? भजनी मंडळ, नक्की. शाळा, नक्की. दुकान, नक्की. पतपेढी. पॅकहाउसशी ती थांबली, पण थांबून काही उपयोग नव्हता. उरला तो एकच लोगो तिने दाबला, आणि केळीचे भाव उघडले. तेव्हा मात्र तिला रडू आलं. सुगंधाबाई गुडघे धरत शेजारी बसल्या. "तो बी काढ," त्या म्हणाल्या, "आन नवा टाक. डाग नही शे तो, निंघी जाई."

तिने तोही काढला. रिकाम्या पानावर नवा चौकोन घेतला, नवा लोगो, नवी लिंक. दाबून पाहिलं. प्रदर्शनाचं पान उघडलं. अमृतच्या मोबाइलवर पाहिलं. उघडलं. चार छप्पन्नला तिने ई-मेल पाठवला. उत्तर सोमवारी आलं: एका ओळीचं, धन्यवाद असं.

जानेवारीत सहा चित्रं पुण्यात महिनाभर लागली. चारुलता आणि अमृत एक दिवस जाऊन आले. तिने पाट्यांचे फोटो काढले, चित्रांचे नाही. चित्रं तिला माहीत होती. मामा पेढे घेऊन आले आणि नात्यातल्या एका लग्नपत्रिकेचा मजकूरही घेऊन आले, तो तिने वाचून दिला. धर्मेंद्र रागावले असं कोणी म्हणू शकणार नाही. ते आता तिच्याशी सरळ बोलतात, लागेल तेवढंच: फाटक लावलं का, अमृत कधी येणार. कॅलेंडरवर यंदा केळीच्या घडाचा फोटो आहे. पॅकहाउसमधल्या दांड्यांखाली डबा मात्र ते ठेवत नाहीत. तिने मागितलाही नाही.

चारुलता सध्या रोज सकाळी साडेसहाला स्टीलचा डबा घेऊन नाल्यापलीकडच्या कुंदन नावाच्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत चीक आणायला जाते. जाऊन यायला तिला पन्नास मिनिटं लागतात.